जुन्या जिप्सी-जीपची उंची वाढवताना: पाट्यांच्या कामाची क्रमवार माहिती

मारुतीची जुनी जिप्सी किंवा महिंद्राची एमएम ५४० जीप दारात आली, की महिन्याभरात कोणीतरी विचारतंच, "मग, उंच कधी करणार?" साताऱ्यात हा प्रश्न जास्तच येतो. एका बाजूला ठोसेघर-चाळकेवाडीचं पठार, दुसऱ्या बाजूला बामणोली-तापोळ्याकडचे रस्ते, त्यामुळे चारचाकी ओढीची (फोर व्हील ड्राइव्ह) गाडी इथे नुसती शोभेला ठेवत नाहीत. मी माझ्या जिप्सीचं काम याच भागात करून घेतलं. त्या वेळी एकेक गोष्ट दहा जणांना विचारावी लागली आणि उत्तरंही दहा मिळाली. नव्या मालकाची तेवढी पायपीट वाचावी म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक जुन्या गाड्यांना नव्या उंचीची गरज नसते, हरवलेली उंची परत मिळाली तरी पुरते. वीस-पंचवीस वर्षं भार वाहून पाटे (पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानदार स्प्रिंगा) बसलेले, म्हणजे चपटे झालेले असतात. कंपनीनं दिलेली उंची आधी परत आणा, गाडी काही महिने वापरा, आणि तरीही कमी पडलं तरच पुढच्या इंचाचा विचार करा.

ही माहिती चारही चाकांना पाटे आणि पुढे-मागे अखंड अॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या जीपसाठी. २०१० नंतरच्या पहिल्या थारच्या सीआरडीई मॉडेलचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारचं (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब), त्यामुळे ते काम वेगळं. तिथे बारचा बोल्ट पिळून पुढची बाजू वर घेतात. पण त्यानं चाकाची खाली जाण्याची जागा संपते आणि पुढच्या अॅक्सलचे जॉइंट कायम वाकलेल्या कोनात फिरत राहतात. थारवाल्यांनी इथलं पाट्यांचं गणित तिकडे लावू नये.

१. उंचीनं काय मिळतं आणि काय मिळत नाही

नवीन माणसाची सगळ्यात मोठी चुकीची समजूत इथेच असते. पाटे उंच केले की चासी, बंपर, टाकी, सायलेन्सर हे सगळं वर जातं. अॅक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे, पाट्यांवर नाही. डिफरन्शियलचा गोळा (अॅक्सलच्या अंगावरचा, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा डबा) जमिनीपासून किती वर असणार, हे फक्त टायरच्या उंचीवर ठरतं.

सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठच्या काळ्या रानात हा फरक लगेच कळतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंच बांध राहतो. तिथे गाडी अडते ती डिफरन्शियल त्या बांधावर टेकल्यामुळे. पाटे चार इंच उंच केलेत तरी ती तिथेच अडेल. चाळकेवाडीकडच्या कातळावर गोष्ट उलटी आहे. दगडाची पायरी समोर आली की आधी बंपर लागतो, उतरताना मागचा हूक लागतो, मधे चासी टेकते. तिथे पाट्यांची उंची खरंच कामाला येते.

म्हणून आधी स्वतःला विचारा, तुमची गाडी नेमकी कुठे टेकते? खाली झोपून खरचटल्याच्या खुणा बघा. खुणा डिफरन्शियलवर असतील तर पाट्यांवर पैसे घालू नका.

आणखी एक. वाट अवघड आहे म्हणून कुठेही गाडी घालायची मोकळीक मिळत नाही. कास पठारावर रस्ता सोडून चाक घालणं म्हणजे वर्षभर जपलेली झाडं चिरडणं. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही.

२. पाना हातात घेण्याआधी कायदा

हा टप्पा गॅरेजमध्ये कोणी सांगत नाही, म्हणून वरच ठेवला आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच अंगानं निकाल दिला. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

बसलेले पाटे बदलून गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती आहे. त्यापलीकडे जायचं असेल तर तुमची गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे (एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड, एमएच १० सांगली) तिथे आधी लेखी अर्ज करून विचारा. उत्तर नाही आलं, तर मूळ उंचीवर थांबा. "सगळेच करतात" हे वाक्य अपघातानंतर विमा कंपनीसमोर उपयोगाचं नसतं.

जुन्या गाडीला याचा आणखी एक पैलू आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. म्हणून काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- नोंदणी पुस्तक किंवा स्मार्ट कार्ड, त्यावरचा चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरशी ताडून
- चालू विमा, आणि बदल करणार असाल तर विमा कंपनीला दिलेल्या लेखी माहितीची पोच
- पीयूसी
- पाटे, शॉकअप, यू बोल्ट (पाटा अॅक्सलला आवळणारे) यांची जीएसटीसह पक्की बिलं
- काम सुरू होण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो
- परिवहन कार्यालयाला अर्ज केला असेल तर त्याची पोच आणि उत्तर

३. गाडी मोजा

सपाट फरशी शोधा. गॅरेजपुढचा उतार चालणार नाही, पेट्रोल पंपाचं काँक्रीट चालेल. टाकी अर्धी भरलेली, स्टेपनी जागेवर, टायरमध्ये हवा सारखी. गाडी थोडी पुढे-मागे करून थांबवा, म्हणजे पाटे मोकळे होऊन आपल्या जागी बसतात. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या झिजेनं आकडा बदलतो.

ड्रायव्हरची बाजू बहुधा खाली आलेली सापडेल. वर्षानुवर्षं एकच माणूस त्या बाजूला बसला की तिथला पाटा जास्त बसतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर उंचीचं स्वप्न बाजूला ठेवा. आधी तो पाटा का बसला, ते शोधा. कधी एक पाटा तुटलेला असतो, कधी शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी) गंजून अडकलेलं असतं, कधी चासीच वाकलेली असते.

याच वेळी शॉकअपची लांबी, ब्रेकच्या रबरी पाइपला किती ढील आहे, आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (अॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) स्लिपचा, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या जोडाचा, किती भाग बाहेर दिसतो, हेही लिहून ठेवा. नवव्या आणि दहाव्या टप्प्यात या आकड्यांशिवाय पुढे जाता येत नाही.

४. गंज आणि झीज आधी

पाटण, बामणोली, महाबळेश्वरच्या बाजूला राहिलेल्या गाड्यांनी पावसाळे झेललेले असतात. चासीला जिथे पाट्याचे ब्रॅकेट जोडलेले आहेत, तिथे हातोडीनं हलकं ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले, तर आधी चासीचं वेल्डिंग, तेही चासीचं काम जाणणाऱ्या माणसाकडून. नवा कडक पाटा कुजलेल्या ब्रॅकेटवर बसवलात, तर तो ब्रॅकेट घाटात कधीतरी सुटणार.

मग हे तपासा: पुढच्या चाकांच्या किंगपिनचे (ज्या खुंटीवर चाक वळतं तिचे) बेअरिंग, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड या स्टेअरिंगच्या दांड्यांचे बॉल जॉइंट, स्टेअरिंग बॉक्समधला खेळ, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वाकणारे जोड). यातलं जे ढिलं आहे, ते उंची वाढल्यावर दुप्पट जाणवतं. समोर बसलेला मेकॅनिक "चालतंय की" म्हणाला, तरी चाक जॅकवर घेऊन वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे स्वतः हलवून बघा.

५. मार्ग कोणता

पुणे-बेंगळुरू महामार्गावर साताऱ्यापासून कराडपर्यंत आणि पुढे सांगली-मिरजेकडे ट्रकचे पाटे भरणारी दुकानं आहेत. या लोकांच्या हाताला वर्षांची सवय असते, पण त्यांचा रोजचा व्यवहार दहा टनांच्या गाड्यांशी आहे. हजार किलोच्या आसपासच्या जिप्सीला ट्रकच्या हिशेबानं पाटा भरला तर ती दगडासारखी उडते. तुम्हाला किती उंची हवी, ते वहीतल्या आकड्यांनी सांगा. "थोडी उंच करा" असं सांगू नका.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. सगळ्यात स्वस्त. थंड अवस्थेत प्रेसवर किंवा घणानं कमान दिली तर पोलादाचं पाणी (कडकपणा आणि लवचीकपणा) राहतं. भट्टीत लाल करून वाकवलं आणि तसंच हवेत सोडलं, तर पाटा मऊ पडतो आणि लवकर बसतो. तापवून करणार असतील तर तेलात थंड करून पुन्हा योग्य तापमानाला पाणी देतात का, हे सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं दुकान बघा. कमान दिलेले जुने पाटे पुन्हा थोडे बसतात, हे धरूनच चला.

नवा संच. मूळ मापाचे नवे पाटे मिळाले तर माझी पसंती यालाच. गाडी सरळ उभी राहते, बसणंही मऊ राहतं.

एक जादा पाटा घालणं. अर्धा ते दीड इंच मिळू शकतो, पण गाडी कडक होते. घालायचाच तर लांब पाटा घाला. आखूड पाटा मधेच कडकपणा आणतो आणि मेन पाट्यावर त्याच्या टोकाशी ताण येतो.

लांब शॅकल. लोकांना हा सोपा वाटतो. शॅकल जितकं लांब कराल, त्याच्या निम्मीच उंची मिळते: दोन इंच लांब शॅकल, एक इंच उंची. कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. शिवाय अॅक्सल फिरतो, त्याचा परिणाम नवव्या टप्प्यात येतो. पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून भोकं पाडलेली शॅकल घेऊ नका. मधे आडवा जोड नसेल तर ती वळणावर तिरकी होतात.

ठोकळा. जिप्सीत पाटे अॅक्सलच्या खालून जातात. अशा गाडीत पाटा आणि अॅक्सलच्या मधे ठोकळा घातला तर गाडी खाली येते, वर जात नाही. हे न समजता ठोकळे विकत घेणारे लोक आहेत. ज्या गाडीत पाटा अॅक्सलच्या वर असतो, तिथे मागच्या बाजूला ठोकळ्यानं उंची मिळते. पुढच्या अॅक्सलला ठोकळा कुठल्याही गाडीत घालू नये, ब्रेक लागताना तो पिळवटून निसटू शकतो.

पाटे अॅक्सलच्या वर नेणं. जिप्सीत यानं पाच इंचांच्या आसपास उंची मिळते, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुन्हा करावी लागते: अॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या, ड्रॅग लिंक पाट्याला लागते म्हणून स्टेअरिंगची रचना बदलायची, शाफ्ट, ब्रेक पाइप, शॉकअप सगळं नवं. जोरात क्लच सोडला की मागचा अॅक्सल पाट्यासकट पिळला जातो. नव्या माणसानं या वाटेला जाऊ नये, आणि घाटातून रोज जाणाऱ्या घरच्या गाडीला तर मुळीच नाही.

माझा सल्ला: मूळ उंची अधिक जास्तीत जास्त दोन इंच, तेही परवानगीच्या चौकटीत, आणि पाट्यांच्या कमानीतून.

६. साहित्य

- तीन टनांचा ट्रॉली जॅक, आणि चासीखाली लावायला चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड)
- चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- पान्यांचा संच, मोठा बार, टॉर्क पाना
- नवे यू बोल्ट, नट-वॉशर, नवे सेंटर बोल्ट (पाट्यांना मधोमध धरणारे), नवे बुश (पाट्याच्या डोळ्यांतली अस्तरं)
- गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, ग्रीस
- लोहचुंबक असलेला कोनमापक
- गाडीच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल

यू बोल्ट जुनेच वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला यू बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. काही शे रुपयांत नवे येतात. त्यावर भांडण नको.

७. गाडी उचलणं

आदल्या रात्री सगळ्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. एका वेळी एकच अॅक्सल घ्या, पुढचा किंवा मागचा. जमीन पक्की हवी. पावसाळ्यात मातीवर घोडी लावली की ती हळूहळू रुतते.

ज्या जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर न लागता प्रॉपेलर शाफ्टवर लागतो, त्यांत एक मागचं चाक उचललं की तो ब्रेक गाडी धरत नाही. डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. गाडी घोड्यांवरून सरकायला एवढं पुरे आहे. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक कुठल्याही प्रकारचा असो.

घोड्या चासीखाली, पाट्याच्या ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला. अॅक्सलखाली ट्रॉली जॅक, कारण तो आता वर-खाली करावा लागणार आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. एका मिनिटाचं काम असलं तरी नाही.

८. पाटे काढणं आणि बसवणं

शॉकअपचं खालचं टोक सोडा. ब्रेक पाइप अॅक्सलबरोबर ताणला जात नाही ना, बघा. मग यू बोल्ट, नंतर शॅकल, शेवटी पाट्याचं स्थिर टोक. गंजलेला पिन निघत नसेल तर घणानं ठोकून ब्रॅकेट वाकवू नका. कापून नवा पिन टाकणं स्वस्त पडतं.

पाटे सुटे केले की प्रत्येक पाटा ब्रशनं घासून दोन्ही बाजूंनी बघा. बारीक आडवी चीर बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ किंवा क्लिपच्या कडेला सापडते. चीर असलेला पाटा बाद. जोडताना मधे ग्रॅफाइट ग्रीस लावा, नाहीतर पाटे एकमेकांवर घासून कुरकुरतात आणि लवताना अडकतात.

बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते थोडं जरी बाहेर राहिलं, तर अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळते. यू बोल्टचे चारही नट आळीपाळीनं, कोपऱ्या-कोपऱ्यात थोडे थोडे कसा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

आता असा मुद्दा, जो चांगल्या गॅरेजमध्येही निसटतो. बुश रबरी असतील, तर पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण कसायचे नाहीत. रबर ज्या स्थितीत आवळलं जातं, तीच त्याची शून्य स्थिती होते. हवेत लटकलेल्या पाट्यावर कसलं, तर गाडी खाली आल्यापासून बुश कायम पिळलेला राहतो, गाडी कडक वाटते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून बोल्ट हातानं घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, आणि मग टॉर्क पान्यानं कसा.

९. प्रॉपेलर शाफ्ट आणि पुढच्या चाकांचा कल

उंची वाढवलेली गाडी चांगली की वाईट, हे इथे ठरतं. बाकीचे टप्पे हाताच्या मेहनतीचे आहेत, हा समजून घ्यायचा आहे.

चासी वर गेली म्हणजे तिच्यावरचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा डबा) वर गेले. अॅक्सल खालीच. मधला शाफ्ट जास्त तिरका झाला आणि थोडा लांबला. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते, त्यामुळे एक मधला शाफ्ट आणि पुढचा-मागचा असे तीन शाफ्ट असतात. उंचीचा परिणाम होतो तो पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर.

साधा क्रॉस तिरक्या कोनात एकसारख्या वेगानं फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि सोडतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल तर हा चढउतार तिथे पुसला जातो. म्हणून ट्रान्सफर केसचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि डिफरन्शियलचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत. दोन्हीवर कोनमापक लावून आकडे घ्या. फरक एका अंशाच्या आत ठेवा. फरक जास्त असेल तर पन्नास-साठच्या वेगाला फरशीखालून गुणगुणणारा कंप येतो, आणि काही हजार किलोमीटरमध्ये क्रॉस जातो.

मागच्या बाजूला शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असतं. ते लांब केलं की अॅक्सल फिरतो आणि डिफरन्शियलचं नाक वर होतं. कोणी म्हणतं, बरंच झालं, नाक शाफ्टकडे वळलं. पण समांतरपणा गेला. कमानीतून उंची घेतली तर दोन्ही टोकं सारखीच राहतात आणि नाक बहुतेक जागच्या जागी राहतं. मी कमानीच्या बाजूनं आहे, त्याचं एक मोठं कारण हे.

पुढची बाजू जास्त नाजूक. जिप्सीत पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं, अॅक्सल फिरतो, आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकतं. कंपनीनं ते मुद्दाम मागे झुकवलेलं असतं. त्या कलाला कॅस्टर म्हणतात, आणि त्याच्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. कॅस्टर गेला की महामार्गावर गाडी भरकटते, शेजारून ट्रक गेला की हलते, आणि तुम्ही सतत स्टेअरिंग सावरत राहता.

मग लोक पाटा आणि अॅक्सलच्या मधे पाचर घालून कॅस्टर परत आणतात. यात पेच असा, की किंगपिन मागे झुकवला की पुढच्या डिफरन्शियलचं मागे वळलेलं नाक खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. कॅस्टर आणि शाफ्ट, दोघांना एकाच वेळी पूर्ण खूश करता येत नाही. अशा वेळी कॅस्टरला मान द्या. पुढचा शाफ्ट फक्त चारचाकी ओढ लावल्यावर आणि पुढच्या चाकांचे हब जोडल्यावर भार घेतो, तोही कमी वेगात. स्टेअरिंग मात्र प्रत्येक किलोमीटरला लागतं.

पाचर घालायचीच तर पोलादाची. अॅल्युमिनियमची दबून फुटते. पाचरीची जाडी धरून लांब सेंटर बोल्ट आणि लांब यू बोल्ट घ्यावे लागतात, हे आधीच मोजून ठेवा.

शेवटी स्लिप बघा. अॅक्सल पूर्ण खाली लटकवून दोन्ही शाफ्टचे स्लिप किती बाहेर आले, ते जुन्या आकड्याशी ताडा. स्लिपच्या खाचा पुरेशा आत नसतील तर शाफ्ट लांब करून बॅलन्स करून घ्या. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर असं काम होतं, पण बॅलन्सिंग यंत्र कोणाकडे आहे ते आधी विचारा. नुसता वेल्ड केलेला शाफ्ट घेऊ नका.

१०. ब्रेक, शॉकअप, स्टेअरिंग

अॅक्सल पूर्ण खाली सोडा, स्टेअरिंग एका टोकाला फिरवा, ब्रेकचा रबरी पाइप बघा. मग दुसऱ्या टोकाला. पाइप ताणलेला दिसला तर लांब पाइप घाला, ब्रॅकेट वाकवून भागवू नका. लांब पाइप ब्रेकसाठीच बनवलेला, खूण असलेला हवा. घाटात ब्रेक तापतो, तेव्हा भलत्या कामाचा पाइप फुगतो.

मागच्या अॅक्सलला भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची कांडी चासी आणि अॅक्सलमधलं अंतर मोजत असते. उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ती कांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. हे न करता पसरणी किंवा कुंभार्लीसारखा घाट भरल्या गाडीनं उतरू नये.

शॉकअप घेताना दोन मापं लागतात: अॅक्सल पूर्ण खाली असताना आणि पूर्ण वर दाबलेला असताना. शॉकअप पूर्ण उघडण्याआधी पाट्यानं थांबावं, आणि पूर्ण मिटण्याआधी रबरी ठोकळ्यावर अॅक्सल टेकावा. दोन्हीकडे इंचभर जागा ठेवा. अॅक्सलचा भार शॉकअपवर लटकला तर तो वरच्या बैठकीपाशी तुटतो.

ड्रॅग लिंक तिरकी झाल्यामुळे स्टेअरिंग व्हील मधोमध राहत नाही. ते स्टेअरिंग व्हील काढून फिरवून बसवू नका, ड्रॅग लिंकची लांबी जुळवून मधे आणा. मग टो (वरून बघता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासून घ्या. अखंड अॅक्सलच्या गाडीत कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) जुळवायची सोय नसते, त्यामुळे "चारही चाकांचं पूर्ण अलाइनमेंट" विकणाऱ्याला टो आणि कॅस्टरचे आकडे कागदावर मागा.

हेडलाइट खाली घ्या. नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातील, आणि रात्री घाटात समोरचा तुमच्याच अंगावर येईल. अॅक्सलचे ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर जाऊ देणारे) आणि हँडब्रेकची केबल ताणलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

११. पहिली फेरी आणि पुन्हा कसणं

पहिल्यांदा मोकळ्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या आत. ब्रेक हलका, मग जोरात: गाडी एका बाजूला ओढते का? नंतर हळूहळू साठपर्यंत, कंप कुठल्या वेगाला सुरू होतो आणि कुठे थांबतो ते लिहा. कंप क्लच दाबल्यावरही राहिला तर शाफ्टकडे बघा. दाबल्यावर गेला तर डिफरन्शियलच्या नाकाचा कोन पुन्हा मोजा, कारण ओढ लागली की नाक आणखी वर होतं.

चारचाकी ओढ डांबरावर तपासू नका. या गाड्यांत मधे डिफरन्शियल नसतो, त्यामुळे घट्ट रस्त्यावर वळताना शाफ्ट आणि क्रॉस पिळले जातात. मातीच्या किंवा खडीच्या वाटेवर तपासा.

हे सगळं नीट वाटलं की यवतेश्वरचा घाट, गाडीत दोन माणसं आणि सामान घेऊन. गाडीचा भार वर गेलेला आहे, वळणावर ती आधीपेक्षा जास्त कलणार, आणि पहिल्या दिवशी तुमच्या हाताला त्याचा अंदाज नसतो. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

शंभर किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं कसा, पाचशेनंतर परत एकदा. नवे पाटे भार घेऊन एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट थोडे ढिले होतात. त्याच वेळी तिसऱ्या टप्प्यातली चारही मापं पुन्हा घेऊन वहीत जुन्या आकड्यांशेजारी लिहा. एका कोपऱ्यात माप लवकर कमी होत असेल तर तो पाटा दुकानदाराला बिलासकट दाखवा. पावसाळा संपल्यावर शॅकलच्या पिनांना ग्रीस आणि पाट्यांच्या डोळ्यांपाशी एक नजर.